वडिलांच्या पेन्शनमध्ये मुलांचाही वाटा असतो

(सदर : निवृत्तीनंतर. वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात ईपीएस-९५ मधल्या विधवा पेन्शनबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यात मुलांच्या पेन्शनचा एका ओळीत उल्लेख होता आणि आलेली बहुतेक पत्रं त्या एका ओळीवरच आहेत. त्यामुळे हा अंक मुलांचा.

आधी एक खुलासा, म्हणजे पुढचा घोळ टळेल. मी इथे लिहितो ते कर्मचारी पेन्शन योजना १९९५ (म्हणजेच ईपीएस-९५) बद्दल, म्हणजे ज्यांचा पीएफ कापला जातो त्यांची पेन्शन. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती लागू आहे. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती, ती हिच्यात विलीन झाली. साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी, एमआयडीसीतल्या कंपन्या, दूध संघ हे सगळे हिच्यात येतात. तलाठी, ग्रामसेवक, झेडपीचे गुरुजी यांचं कुटुंब निवृत्तिवेतन वेगळ्या नियमांनी चालतं. शेजारच्या मास्तरीणबाईंना किती मिळतं ते बघून आपलं गणित मांडू नका, नुसता मनस्ताप होईल.

प्रश्न : माझे पती एसटीत वाहक होते. सप्टेंबर २००६ ला लागले आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नोकरीत असतानाच गेले. मला पेन्शन सुरू झाली आहे. फॉर्म एका एजंटानं भरून दिला. मोठा मुलगा २२ वर्षांचा, मुलगी १९ ची, धाकटा १५ चा. मुलांचं वेगळं काही मिळत नाही. जाऊबाईंचा भाऊ म्हणतो, तुमच्या पेन्शनमध्येच सगळं आलं. खरं आहे का?
(एक भगिनी, वाई)

उत्तर : नाही ताई, खरं नाही. तुमची पेन्शन तुमची. मुलांची त्याच्या वर आणि वेगळी.

नियम असा की विधवा पेन्शनच्या २५ टक्के रक्कम प्रत्येक मुलाला, वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत. एका वेळी दोनच मुलांना मिळते आणि क्रम मोठ्याकडून धाकट्याकडे. तुमच्या घरात आज मोठा मुलगा आणि मुलगी हे दोघं धरले जातील. मोठा २५ चा झाला की त्याची बंद होऊन धाकट्याची सुरू होईल. तेव्हा तो १८ चा असेल, म्हणजे कॉलेजच्या ऐन खर्चाच्या वेळी. पण हे आपोआप होईल असं धरून बसू नका. मोठ्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या आसपास पीएफ कार्यालयात एक अर्ज देऊन ठेवा.

आता आकडा. नोकरीत असताना मृत्यू झाला तर विधवेला पतीची पूर्ण पेन्शन धरतात, म्हणजे ते त्या दिवशी निवृत्त झाले असते तर जेवढी बसली असती तेवढी. सूत्र साधं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार मात्र खरा कितीही असो, १ सप्टेंबर २०१४ नंतरच्या सेवेला १५,००० रुपयांची मर्यादा आणि त्याआधीच्या सेवेला ६,५०० ची. तुमच्या पतींची आधीची आठ वर्षं ६,५०० नं धरली की ७४३ रुपये येतात, नंतरची दहा वर्षं १५,००० नं धरली की २,१४३. बेरीज २,८८६. योजनेत ‘तक्ता क’ म्हणून एक तक्ता आहे, त्यातली रक्कम याहून जास्त निघाली तर ती द्यायची असते. २,८८६ धरलं तर प्रत्येक मुलाचे साधारण ७२० होतात, दोघांचे मिळून १,४४० च्या पुढे. महिन्याला गॅस सिलिंडर आणि एसटीचा पास निघाला तरी पुष्कळ.

तुमचे कुठे अडले, ते पत्रावरूनच दिसतं. टेन-डी फॉर्ममध्ये, म्हणजे पेन्शनच्या अर्जात, कुटुंबाचा रकाना असतो. नाव, जन्मतारीख, नातं. एजंट लोक कमिशन घेतात ते पेन्शन सुरू करून देण्याचं, त्यांना त्या रकान्याशी देणंघेणं नसतं. पेन्शन मंजुरीचे जे कागद आले असतील त्यावर मुलांची नावं आहेत का ते बघा. नसतील तर ज्या कार्यालयानं तुमचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) काढला तिथे अर्ज करा : पीपीओ नंबर, मुलांचे जन्मदाखले किंवा शाळेचे दाखले, आधार, बँक पासबुकाची प्रत. अर्जात हे वाक्य न विसरता घाला : ‘पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय असल्याने थकबाकीसह मिळावी.’ मागितल्याशिवाय थकबाकीचा विषय कुणी काढत नाही. आणि दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रश्न : माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. तेरा हंगाम केले. मग गुडघ्यानं साथ सोडली म्हणून काम थांबवलं. ५४ व्या वर्षी वारले. आम्हाला सांगण्यात आलं की सहा-सहा महिन्यांचे तेरा हंगाम म्हणजे साडेसहा वर्षं, दहा होत नाहीत, म्हणून पेन्शन नाही. आई आहे आणि धाकटी बहीण २३ वर्षांची आहे.
(एक वाचक, माळशिरस तालुका)

उत्तर : हा प्रश्न माझ्या घरचाच. माझी सगळी नोकरी एका सहकारी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. बॉयलर पेटला की हंगामी माणसांची हजेरी सुरू करायची आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की त्यांची पुस्तकं बांधून ठेवायची, हेच काम. त्यामुळे साडेसहा वर्षांचं हे गणित मी चांगलं ओळखतो. ते चूक आहे.

योजनेतच लिहिलेलं आहे की हंगामी आस्थापनेत हंगामी म्हणून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यानं त्या वर्षात प्रत्यक्ष जेवढं काम केलं, ते वर्षापेक्षा कमी असलं तरी पूर्ण वर्ष धरायचं. मधला बंद काळ आडवा येत नाही. गाळप दुष्काळात तीन महिन्यांत आटोपलं असेल, तरीही ते एक वर्ष. म्हणजे तुमच्या वडिलांची सेवा साडेसहा नाही, तेरा वर्षं. दहा वर्षांची अट पार झाली.

दुसरी गोष्ट. ते नोकरी सोडल्यावर वारले, नोकरीत असताना नाही. त्यालाही नियमात जागा आहे. माणूस पेन्शनला पात्र ठरण्याइतकी सेवा करून बाहेर पडला आणि ५८ व्या वर्षाआधी, पेन्शन सुरू व्हायच्या आत गेला, तर कुटुंबाला पेन्शन आहे. आईला विधवा पेन्शन आणि बहिणीला २५ पूर्ण होईपर्यंत मुलांची. तुमचं स्वतःचं वय पत्रात नाही. २५ च्या आत असाल तर तुम्हालाही.

एकच धाकधूक. वडिलांनी काम सोडताना टेन-सी फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे काढून घेतले होते का? पीएफचे पैसे काढले असतील तर काही बिघडत नाही, पेन्शनचा फंड वेगळा. पण टेन-सी वर पैसे घेतले असतील तर प्रकरण किचकट होईल, कारण कार्यालय म्हणेल की सेवा संपली, हिशेब झाला. तेव्हा मुद्दा असा मांडावा लागेल की तेरा वर्षं असताना पैसे काढायला परवानगीच नव्हती, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, द्यायला हवं होतं. जुनं बँक पासबुक शोधा, जमा काय काय झालं ते कळेल. कारखान्याच्या आस्थापना विभागातून हंगामवार हजेरीचा उतारा मागा. पीएफच्या नोंदीत तेरा हंगामांची वर्गणी दिसतेच. हे दोन्ही जोडून अर्ज करा आणि अर्जात ‘हंगामी आस्थापना’ हे शब्द ठळक लिहा.

तुमच्या तालुक्यात असे आणखी कितीतरी लोक असणार. हा अंक वाचून झाला की गावच्या सोसायटीत ठेवून द्या.

प्रश्न : मी निवृत्त आहे, पेन्शन १,८०० रुपये. दोन मुलं शिकताहेत. मुलांसाठी पेन्शनमध्ये भत्ता वाढवून मिळतो असं ऐकलं.
(जळगाव)

उत्तर : नाही. पेन्शनर हयात असेपर्यंत पत्नीचा किंवा मुलांचा कोणताही वेगळा भत्ता या योजनेत नाही. महागाई भत्ताही नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती ७,५०० करावी म्हणून बुलढाण्याहून चाललेलं आंदोलन तुमच्या कानावर असेल. माझं मत विचाराल तर मागणी रास्त आहे. पण तो या सदराचा विषय नाही, इथे आपण जे आज मंजूर आहे तेवढंच पदरात पाडून घ्यायचं बघतो.

प्रश्न : सूतगिरणीतून निवृत्त झालो. वय ६६, पेन्शन २,८०० रुपये. आमचा मुलगा ३१ वर्षांचा आहे, जन्मापासून मतिमंद. त्याला एकटं सोडता येत नाही, जेवणसुद्धा भरवावं लागतं. मुलांची पेन्शन २५ पर्यंतच असते असं कळलं. म्हणजे आमच्यानंतर त्याला काहीच नाही का?
(एक वडील, इचलकरंजी)

उत्तर : आहे. आणि दादा, या सगळ्या योजनेत मला जर कोणतं एक कलम मनापासून पटत असेल तर ते हे आहे.

मूल कायमचं आणि पूर्णपणे अपंग असेल तर त्याला वयाची अट नाही. २५ ला बंद होत नाही, आयुष्यभर चालते. एका वेळी दोनच मुलं ही अटही त्याला लागू नाही. घरात आणखी दोन भावंडं पेन्शन घेत असली तरी याची त्यांच्याशिवाय वेगळी.

तुमचा हिशेब मांडतो. तुमच्या पश्चात तुमच्या पत्नीला तुमच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे १,४००. मुलाला त्याच्या २५ टक्के, म्हणजे ३५०. तुमच्या पत्नीच्याही पश्चात तो अनाथ धरला जाईल आणि त्याला विधवा पेन्शनच्या ७५ टक्के मिळेल, म्हणजे १,०५०, तो असेपर्यंत. रक्कम बघून तुम्ही कपाळाला हात लावाल, मीही लावला. १,०५० रुपयांत त्याला सांभाळणारी बाई सुद्धा आठवडाभर येणार नाही. पण ज्याच्या नावावर दुसरं काहीच नाही त्याच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला जमा होणारी ही एक रक्कम आहे. ती सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या मर्जीवर अवलंबून नसते.

काम आत्ताच करा, तुम्ही दोघं हिंडते-फिरते आहात तोवर. तुम्ही ५८ व्या वर्षी टेन-डी भरलात तेव्हा मुलगा २३ चा होता. बहुतेक नाव लिहिलं असेल, पण अपंगत्वाचा कागद जोडला होता का? नसेल तर कार्यालयाच्या नोंदीत तो इतर मुलांसारखाच आहे आणि २५ नंतर त्याचा विषय संपला असं समजलं जाईल. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमधून काढून घ्या. प्रमाणपत्रावर ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आहे ना ते बघा. तात्पुरतं असेल, तर त्यावर फेरतपासणीची तारीख असते आणि तिथे प्रकरण अडतं. मग हे प्रमाणपत्र, मुलाचं आधार, त्याच्या नावाचं बँक खातं, तुमचा पीपीओ नंबर असा अर्ज द्या की मुलाची नोंद कायमस्वरूपी पूर्ण अपंग अपत्य म्हणून घ्यावी. कार्यालय वैद्यकीय मंडळाकडे पाठवू शकतं, ती तयारी ठेवा. पेन्शन आत्ता सुरू होणार नाही. नोंद मात्र आत्ता होऊ शकते.

एक सांगू का? माझ्याकडे अशी प्रकरणं येतात ती बहुधा दोन्ही पालक गेल्यावर येतात, चुलता किंवा मावसभाऊ घेऊन येतो. तोवर आईवडिलांच्या कागदांची पिशवी कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं. पीपीओची एक झेरॉक्स पुढे जो कुणी मुलाला बघणार आहे त्याच्या हातात आजच देऊन ठेवा.

प्रश्न : माझं वय २९. पती कंपनीत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. मला १,८०० रुपये पेन्शन आहे, पाच वर्षांच्या मुलाला ४५०. माहेरचे लोक माझ्यासाठी स्थळ बघताहेत. सासरे म्हणतात, लग्न केलंस तर पेन्शन जाईल, मुलाचं नुकसान होईल. तुम्ही काय सांगाल?
(नाव देऊ नये)

उत्तर : नाव देत नाही, गावही नाही.

पुनर्विवाह केला की तुमची १,८०० ची पेन्शन बंद होईल, हे सासऱ्यांचं बरोबर. मुलाचं नुकसान होईल, हे चूक. विधवा पेन्शन थांबली की मुलाची पेन्शन २५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर जाते, कारण योजना त्याला अनाथ पेन्शनचा हक्कदार धरते. (आई जिवंत असताना मुलाला अनाथ म्हणायचं, हे मला कधीच बरं वाटलं नाही. पण सरकारी कागद आहे.) म्हणजे त्याला ४५० ऐवजी १,३५० मिळतील, २५ वर्षांचा होईपर्यंत.

आज घरात २,२५० येतात, लग्नानंतर १,३५० येतील. फरक महिन्याला ९०० रुपयांचा. तुमचं पुढचं आयुष्य या ९०० रुपयांवर ठरवायचं का, ते तुम्ही ठरवा. मला विचारलंत म्हणून सांगतो, मुळीच नाही.

मुलाची पेन्शन त्याची आहे. तो तुमच्यासोबत नव्या घरी राहिला काय किंवा आजोबांकडे राहिला काय, त्यानं हक्क बदलत नाही. ती सासऱ्यांच्या खात्यात जायला हवी असा कोणताही नियम नाही.

फक्त लग्न लपवू नका. काही जणी भीतीनं लपवतात, पेन्शन घेत राहतात, आणि कुणाच्या तरी निनावी अर्जानं ते उघड होतं. मग घेतलेली रक्कम परत मागतात आणि मुलाचं प्रकरणही लटकतं. विवाहाची नोंदणी झाली की त्या दाखल्याची प्रत जोडून स्वतः अर्ज करा : माझी पेन्शन थांबवून मुलाला अनाथ पेन्शन मंजूर करावी. एकाच अर्जात दोन्ही लिहा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.

प्रश्न : माझा जावई शिरवळकडे एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला होता. चौदा महिने झाले होते. मोटरसायकलवरून घरी येताना अपघातात गेला. माझी मुलगी त्याच्या आधीच आजारानं गेली होती. दोन नातवंडं, नऊ आणि सहा वर्षांची, माझ्याजवळ आहेत. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणतो, दहा वर्षं झाली नाहीत, पेन्शन बसत नाही, पीएफ तेवढा घ्या.
(एक आजी, भोर)

उत्तर : आजी, त्या सुपरवायझरला हे पान दाखवा.

दहा वर्षांची अट जिवंत माणसाच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना माणूस गेला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शन लागू होते. चौदा महिने म्हणजे भरपूर झाले. ठेकेदाराकडचा कामगार असला तरी पीएफ कापला जात होता ना? मग झालं.

दोन्ही आईवडील नाहीत म्हणून नातवंडांना अनाथ पेन्शन, म्हणजे विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, प्रत्येकाला. सेवा इतकी कमी असली की सूत्रानं रक्कम नगण्य येते, अशा वेळी ‘तक्ता क’ कामाला येतो. काहीही झालं तरी दरमहा प्रत्येकी ७५० रुपयांच्या खाली जाता येत नाही.

तुम्हाला तीन ठिकाणांहून पैसे मिळायचे आहेत, ते असे. पीएफची शिल्लक फॉर्म २० वर. पेन्शन टेन-डी वर. आणि विमा, जो बहुतेकांना माहीतच नसतो, फॉर्म ५-आयएफ वर. या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापत नाहीत, मालक भरतो, म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसत नाही. आधीचे बारा महिने सलग नोकरी असेल तर किमान अडीच लाख, कमाल सात लाख. तुमच्या प्रकरणात सगळ्यात मोठी रक्कम हीच आहे आणि सुपरवायझरनं तिचा उच्चारही केला नाही. हल्ली मृत्यूच्या दाव्यासाठी तिन्ही मिळून एकच फॉर्म आहे, तोच मागा.

मुलं अज्ञान, म्हणजे १८ च्या आतली, आहेत आणि तुम्ही आजी, नैसर्गिक पालक नाही. पूर्वी अशा वेळी कोर्टातून पालकत्वाचा दाखला आणायला लावायचे आणि त्यात वर्ष जायचं. ऑगस्ट २०२५ च्या परिपत्रकाप्रमाणे पैसे मुलांच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होणार असतील तर त्या दाखल्याचा आग्रह धरायचा नाही. म्हणून आधी दोघांच्या नावानं खाती उघडा. खिडकीवरच्या बाबूला हे परिपत्रक ठाऊक नसेल तर वरिष्ठाला भेटा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर असतं, तिथे अधिकारी स्वतः बसतात.

ठेकेदार फॉर्मवर सही करायला टाळाटाळ करेल. त्याच्या मागे फिरू नका. मूळ कारखानाही कायद्यानं जबाबदार असतो, तिथल्या पर्सोनेल खात्यात लेखी अर्ज द्या. जावयाच्या पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर त्यांच्या शाखा कार्यालयातही एकदा जाऊन अपघाताची माहिती द्या. कामावरून घरी जातानाचा अपघात काही परिस्थितीत कामावरचा धरतात, आणि तसा धरला गेला तर आश्रितांना मिळणारी रक्कम या पेन्शनहून कितीतरी मोठी असते.

शेवटी, हे पीएफचं नाही पण तुम्हाला सांगितलंच पाहिजे : राज्याच्या महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. त्यात अशा मुलांसाठी दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये मिळतात, १८ वर्षांपर्यंत. अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्या जिल्हा कार्यालयाचा पत्ता देतील.

प्रश्न : माझा भाऊ अविवाहित होता, कंपनीत असताना वारला. आईवडील नाहीत. मी बहीण, त्याच्यासोबतच राहते. मला पेन्शन मिळेल?
(डोंबिवली)

उत्तर : त्यानं पेन्शनसाठी तुमचं नॉमिनेशन केलं असेल तर मिळेल, विधवा पेन्शनइतकी. केलं नसेल तर नाही. बहीण-भाऊ ‘कुटुंब’ या व्याख्येत बसत नाहीत. नॉमिनेशन नसताना फक्त अवलंबून असलेल्या वडिलांना आणि त्यांच्यानंतर आईला मिळते. त्याच्या यूएएनवर (पीएफच्या खातेक्रमांकावर) ई-नॉमिनेशन आहे का किंवा कंपनीकडे जुना फॉर्म २ आहे का ते बघा. पीएफचं नॉमिनेशन आणि पेन्शनचं नॉमिनेशन एकाच फॉर्मच्या दोन वेगळ्या भागांत असतं, दुसरा भाग पुष्कळ जण कोरा सोडतात. हे वाचणाऱ्या अविवाहित मंडळींनी आज रात्री मोबाइलवर तेवढं तपासून घ्यावं.

प्रश्न : माझी पत्नी गोव्यात डिचोलीकडे काजू कारखान्यात होती. बावीस वर्षं काम केलं, गेल्या वर्षी नोकरीत असतानाच गेली. मुलगी १७ वर्षांची आहे. बायकोची पेन्शन नवऱ्याला असते का? मी स्वतः एका कंपनीत नोकरीला आहे, म्हणून विचारायला संकोच वाटला.
(सावंतवाडी)

उत्तर : असते. विधवेला जे नियम तेच विधुराला, रक्कमही त्याच हिशेबानं. तुम्ही नोकरी करता, उद्या तुम्हाला स्वतःची पेन्शन बसेल, तरी ही थांबत नाही. विधवांनाही तसंच आहे, नोकरी करणाऱ्या बाईची विधवा पेन्शन कापली जात नाही. तुमच्या मुलीला २५ टक्के, २५ वर्षांपर्यंत.

वर्ष गेलं म्हणून हक्क गेला असं नाही. फॉर्म पत्नीच्या कारखान्यामार्फत पणजीच्या कार्यालयात जाईल. कागद पूर्ण असतील तर २० दिवसांत निकाली काढायचा असतो. खातं गोव्यात उघडायची गरज नाही. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाखेत घेता येते, तुमचं सावंतवाडीचं पासबुक चालेल. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा, तो नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही. ज्या तारखेला द्याल तिथून बारा महिने चालतो, आणि तो मोबाइलवरही करता येतो. मुलीचा जन्मदाखला गोव्यातला असेल तर नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते फॉर्म भरण्याआधी बघून घ्या. आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी फॉर्म परत येतो.